इंजिन बदललं, पण चेसिस कापली नाही

(हा भागाचा लेखी मजकूर आहे. बोलताना झालेल्या काही पुनरुक्त्या काढल्या आहेत, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

हेडफोन लावलेत ना? आज मागे पंख्याचा आवाज येईल, कारण मी पुण्यात नाहीये. गावी आलोय. गोंदिया जिल्हा, तिरोडा तालुका, नागझिऱ्याच्या चोरखमारा गेटकडची बाजू. घरामागे धानाच्या बांध्या आणि त्यांच्या पलीकडे जंगल.

दोन भागांपूर्वी मी सहज बोलून गेलो होतो की आम्ही घरच्या जुन्या जीपमध्ये टर्बो डिझेल इंजिन बसवतोय. त्यावर इतके मेसेज आले की बास. निम्मे विचारतात, "खर्च किती आला?" उरलेले विचारतात, "भावा, तू कोड लिहितोस, तुला पान्याचं काय कळतं?" दुसरा प्रश्न बरोबर आहे. मला फार काही कळत नव्हतं. म्हणून आजचा भाग. काय केलं, का केलं, कुठे जीव जाता जाता राहिला, आणि शेवटी कुठे अडकलोय, सगळं सांगतो.

गाडी कोणती

गाडी आहे महिंद्राची एमएम ५४०. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: महिंद्राने १९४७ पासून आपल्याकडे विलिस जीप जोडायला सुरुवात केली, आणि त्याच घराण्यातली ही पुढची पिढी. पत्र्याची, चौकोनी, फोर बाय फोर.

बाबांनी ती १९९६ साली सेकंड हँड घेतली. सवारी मारायचे. सकाळी गावातून तिरोड्याला, संध्याकाळी परत. मागे दोन बाकडी, त्यावर किती माणसं बसायची ते विचारू नका. लग्नाची वरात, बाजाराची पोती, रात्री-बेरात्री आजारी माणूस, सगळं या गाडीने वाहिलंय. माझ्या वेळी आईला गोंदियाला नेलं ते पण हिच्यातूनच. म्हणजे मी जन्माच्या आधीपासून या गाडीचा पॅसेंजर आहे.

पण गेल्या दोन-तीन वर्षांत इंजिन थकलं. सकाळी स्टार्ट व्हायला दहा मिनिटं, धूर इतका की शेजारच्या काकू वाळत घातलेले कपडे उचलायच्या. मिस्त्री म्हणाले, बोअरिंग करावं लागेल, पंप काढावा लागेल, आणि पार्ट मिळायला वेळ लागेल. तेव्हा मी म्हटलं, एवढा खर्च करायचाच तर इंजिनच बदलू या ना.

बाबांचं उत्तर: "काहून रे? चालून राहिली ना गाडी."

दोन महिने हाच वाद. शेवटी ते तयार झाले, पण एक अट घातली. "काय करायचं ते कर. चेसिस कापायची नाही. वेल्डिंग मारायचं नाही." मी मनात म्हटलं, झालं, आता काम दुप्पट. पण हो म्हटलं. ही अट लक्षात ठेवा, शेवटी परत येणार आहे ती.

६२ आणि ६३

आता जरा गणित. घाबरू नका, सोपं आहे.

जुनं इंजिन प्युजोच्या डिझाइनचं. २११२ सीसी, साधारण ६२ हॉर्सपॉवर. आम्ही निवडलं बोलेरोचं जुनं डीआय टर्बो. २५२३ सीसी, ६३ हॉर्सपॉवर. मित्राला आकडे पाठवले तर तो म्हणाला, "एका घोड्यासाठी दीड लाख?"

खरी गंमत इथेच आहे. हॉर्सपॉवर म्हणजे शेवटी टॉर्क गुणिले आरपीएम. जुनं इंजिन ते ६२ घोडे ४५०० आरपीएमला द्यायचं. म्हणजे किंचाळत. नवीन इंजिन ६३ घोडे ३२०० ला देतं. आणि टॉर्क, म्हणजे चाक फिरवायचा जोर, जुन्याचा साधारण १२० न्यूटन मीटर, नव्याचा १८०. तोही १५०० आरपीएमच्या आसपास, म्हणजे पाय ठेवला न ठेवला तोच.

बांधीतल्या चिखलात याचा अर्थ काय? जुन्या इंजिनला चिखलात गाडी काढायची तर आधी रेस वाढवावी लागायची. रेस वाढवली की चाक घसरायचं, चाक घसरलं की खड्डा व्हायचा, आणि मग ट्रॅक्टर बोलवा. नवीन इंजिन हळू फिरतं आणि जोर लावतं. चाक घसरत नाही, रांगतं. शर्यतीत या ६३ घोड्यांना कोणी विचारणार नाही, पण चिखलात त्यांना तोड नाही.

हे असं का? एक कारण टर्बो. सायलेन्सरमधून वाया जाणाऱ्या गरम धुराने एक छोटं चाक फिरतं, त्याच दांड्यावरचं दुसरं चाक बाहेरची हवा दाबून इंजिनमध्ये कोंबतं. हवा जास्त, म्हणजे डिझेल जास्त नीट जळतं. दुसरं कारण, जुन्या इंजिनात डिझेल आधी बाजूच्या छोट्या खोलीत जळायला लागायचं आणि मग सिलिंडरमध्ये यायचं. त्या खोलीच्या भिंतीत उष्णता वाया जायची, म्हणून सकाळी ग्लो प्लग तापवत बसा. डीआय म्हणजे डायरेक्ट इंजेक्शन, डिझेल थेट पिस्टनच्या डोक्यावर. पटकन स्टार्ट, कमी डिझेल, फक्त आवाज जास्त खडखडीत.

आणि तिसरं कारण मला फार आवडलं. या इंजिनाचा बोअर ८८.९ मिमी आणि स्ट्रोक १०१.६ मिमी. विचित्र आकडे वाटतात ना? इंचात करा. साडेतीन आणि चार. सरळ इंच! कारण हे घराणं ट्रॅक्टरचं आहे. १९६३ साली महिंद्राने इंटरनॅशनल हार्वेस्टरबरोबर ट्रॅक्टर बनवायला सुरुवात केली, तिथून या इंजिनाची मुळं येतात. लांब स्ट्रोक, सावकाश फिरणं, जोर. बाबांना हे सांगितलं तेव्हा पहिल्यांदा ते हसले. "म्हणजे ट्रॅक्टरच आहे म्हण ना."

कंप्युटरवालं का नाही

आता सगळ्यात जास्त विचारलेला प्रश्न. मी सॉफ्टवेअरवाला, मग मी सीआरडीई का नाही घेतलं? थारमध्ये येतं ते कॉमन रेल, शंभरच्या वर हॉर्सपॉवर, तेही सेकंड हँड मिळतं.

खरं सांगू? माझं मन तिथेच होतं. मी वायरिंगचे डायग्रॅम पण डाउनलोड केले होते. पण कॉमन रेलला ईसीयू लागतो. ईसीयूला क्रँक सेन्सर, कॅम सेन्सर, अ‍ॅक्सिलरेटरचा इलेक्ट्रॉनिक पेडल, चावीचा इमोबिलायझर. यातलं एक जरी बोललं नाही तरी गाडी जागेवर. आणि मी पुण्यात. पावसात जंगलाच्या कडेला गाडी बंद पडली तर बाबा काय करणार? मला व्हिडिओ कॉल? रेंज कुठे आहे?

मेकॅनिकल पंपाच्या इंजिनला चालू राहायला जवळपास वीजच लागत नाही. इंजिन बंद करायच्या सोलेनॉइडची एक वायर, झालं. गावातला मिस्त्री तेरा-चौदा नंबरच्या पान्याने निम्मं इंजिन खोलतो.

ऑफिसमध्ये आम्ही नेहमी म्हणतो, सिस्टिम अशी बनव की रात्री दोन वाजता जो माणूस जागा असेल त्याला ती दुरुस्त करता आली पाहिजे. इथे रात्री दोन वाजता मी नसतो. बाबा आणि मिस्त्री असतात. म्हणून त्यांचं इंजिन.

बसवणं

नागपूरच्या भंगार बाजारातून इंजिन आणलं. पावती घेऊन, इंजिन नंबर पावतीवर लिहून घेऊन. हे फार महत्त्वाचं, विसरू नका.

मला वाटलं होतं, जुनं काढायचं, नवं ठेवायचं, चार बोल्ट. हॅ! एक गोष्ट बदलली की तिला धरून दहा गोष्टी हलतात. ज्यांनी कधी एका लायब्ररीचं व्हर्जन बदलून अख्खा प्रोजेक्ट मोडलाय, त्यांना कळेल मी काय म्हणतोय.

आम्हाला जुना गिअरबॉक्स ठेवायचा होता, कारण फोर बाय फोरचा ट्रान्सफर केस त्यालाच जोडलेला. पण नव्या इंजिनाचे बोल्ट त्याला जुळत नाहीत. मग मध्ये एक जाड लोखंडी प्लेट, लेथवर बनवून घेतलेली. इथे केसाएवढी चूक चालत नाही. इंजिनाच्या क्रँकचा मध्य आणि गिअरबॉक्सच्या शाफ्टचा मध्य एका रेषेत पाहिजे, नाहीतर क्लच आणि बेअरिंग काही महिन्यांत खलास. मिस्त्रींनी डायल गेज लावून तीन वेळा मोजलं. मी दोन वेळा म्हटलं, "झालं ना आता." त्यांनी माझ्याकडे बघितलं पण नाही.

प्लेटमुळे इंजिन पुढे सरकलं, फॅन रेडिएटरला टेकायला लागला, म्हणून रेडिएटर पुढे घेतला. इंजिनाचे पाय जुन्या जागी बसेनात. इथे कुठलाही गॅरेजवाला चेसिसवर दोन ब्रॅकेट वेल्ड करून मोकळा झाला असता. पण बाबांची अट. मग चेसिसला आधीपासून जी भोकं आहेत त्यांनाच बोल्ट होतील असे ब्रॅकेट बनवले. त्यातच तीन आठवडे गेले. मी शनिवार-रविवार ट्रेनने ये-जा करत होतो, आई म्हणायची लग्नासाठी मुलगी बघायला सांगितलं तर सुट्टी मिळत नाही याला.

एक गोष्ट मात्र आधी कागदावर केली ते बरं झालं. टॉप स्पीड. जुनं इंजिन ४५०० पर्यंत फिरायचं, नवीन ३२०० लाच थांबतं. एक्सलचा रेशो तोच, ५.३८. टायरचा घेर साधारण २.३ मीटर. म्हणजे वरच्या गिअरमध्ये ३२०० भागिले ५.३८, गुणिले २.३, गुणिले ६०. येतं ताशी ८२ किलोमीटर. जुन्याचं हेच गणित ११५ येतं, अर्थात कागदावर. म्हणजे टर्बो लावून माझी गाडी हळू झाली! पण ड्रमचे ब्रेक आहेत मंडळी, आणि वयस्कर पत्ता. ८२ भरपूर आहे. तरी ब्रेकचे लायनर, सिलिंडर, सगळं नवीन टाकलं. इंजिनला खर्च करायचा आणि ब्रेकला नाही, हा मूर्खपणा करू नका.

त्या दिवशी

आता तो प्रसंग. इंजिन बसलं, पहिल्या दिवशी पंधरा मिनिटं मस्त चाललं. पेढे वाटले. दुसऱ्या दिवशी सकाळी परत स्टार्ट केलं. गाडी गोठ्यासमोर, चाकांना दगड लावलेले. एअर फिल्टर अजून बसवला नव्हता, हवेचा पाइप उघडाच.

मी पेडल दाबून रेस वाढवली आणि सोडली. आवाज कमी व्हायला पाहिजे. झाला नाही. वाढला.

मला वाटलं केबल अडकली. केबल मोकळी. आवाज वाढतोच आहे. मागून निळा-पांढरा धूर, इतका की गोठा दिसेना. मी चावी बंद केली. इंजिन बंद नाही! मंडळी, चावी हातात आणि इंजिन किंचाळतंय, हा जो क्षण असतो ना, तो कुणावर येऊ नये.

याला रनअवे म्हणतात. पेट्रोल इंजिनला स्पार्क लागतो, चावी काढली की संपलं. डिझेलला स्पार्क लागत नाही. त्याला फक्त हवा आणि जळण लागतं. चावीने डिझेल बंद झालं होतं, पण इंजिन डिझेलवर चालतच नव्हतं. ते स्वतःचं इंजिन ऑइल पीत होतं. आणि ऑइलवर पंपाचा काही ताबा नसतो. वेग वाढत जातो, शेवटी ऑइल संपतं किंवा इंजिन फुटतं.

मी वेड्यासारखा हवेच्या पाइपवर हात ठेवायला धावलो. मिस्त्रींनी माझ्या हातावर जोरात फटका मारला. त्या वेगात ती ओढ हात सोडत नाही. ते ओलं पोतं शोधायला पळाले. आणि तेवढ्यात बाबा कुठून आले माहीत नाही, सरळ ड्रायव्हरच्या सीटवर. क्लच दाबला, टॉप गिअर टाकला, ब्रेकवर उभे राहिले, आणि क्लच सोडला.

गाडी हातभर उडी मारून पुढे आली आणि बंद. एकदम शांतता. फक्त कोंबड्या ओरडतायत.

बाबा खाली उतरले, धुराकडे बघितलं आणि म्हणाले, "आता तुझं ते कंप्युटर लाव याले."

मी हसलो नाही. माझे हात थरथरत होते. नंतर रात्री हसलो.

चूक कुणाची? माझी. शंभर टक्के माझी. टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाच्या वर फेरे मारतो, आणि तो तरंगत असतो ऑइलच्या पातळ थरावर. ऑइल वरून दाबाने येतं, पण खाली परत जातं ते फक्त स्वतःच्या वजनाने. म्हणून परतीचा पाइप जाड आणि सरळ उतरता पाहिजे. मी काय केलं, ब्रॅकेट आडवा येत होता म्हणून मिस्त्री जेवायला गेले असताना तो पाइप वळवून घेतला. एका ठिकाणी तो वर चढून मग खाली गेला. दिसायला छान. पण ऑइल तुंबलं, टर्बोच्या सीलमधून हवेच्या बाजूला गेलं, आणि तिथून इंजिनात.

दाबाच्या पाइपची मी दहा वेळा काळजी घेतली होती. परतीच्या पाइपचा विचारच केला नाही. नवीन जाड पाइप सरळ खाली नेला, आणि हवेच्या वाटेवर हाताने बंद करायची एक झडप लावली. तेव्हापासून धूर नाही.

आणि आता कागद

इथवर ऐकून कोणी ओएलएक्स उघडलं असेल तर थांबा. खरी गोष्ट पुढे आहे.

मी सगळं उलट्या क्रमाने केलं. इंजिन आधी, आरटीओ नंतर. मोटार वाहन कायदा, कलम ५२. नोंदणीत लिहिलेली माहिती आणि कंपनीने मुळात दिलेली माहिती यात फरक पडेल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केलं. आणि १८२ए कलमानुसार परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. यूट्यूबवर "ताकद डबल" असं लिहिणारे हे सांगत नाहीत. विम्याचं तर बोलूच नका, अपघात झाला आणि इंजिन नंबर जुळला नाही तर क्लेम कशाच्या जोरावर मागणार?

आमच्या आरसीवर २११२ सीसी लिहिलंय, बॉनेटखाली २५२३. कंपनी तीच आहे, इंजिनाची पावती आहे, अर्ज केलाय. उत्तर यायचंय. होईल का? कदाचित नाही. पंधरा वर्षांनंतर गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नवी करावी लागते, आमची पुढच्या मार्चमध्ये आहे, आणि तेव्हा इंजिन नंबर बघणारच.

तोपर्यंत गाडी रस्त्यावर नाही. फक्त आमच्या शेतात. माझं स्वप्न होतं की बाबांना घेऊन याच गाडीने चोरखमारा गेटपर्यंत जायचं. इथून किती जवळ आहे! नाही गेलो. धानाची पोती बांधीतून घरापर्यंत आणतो, बस.

आता ती अट आठवा. चेसिस कापायची नाही. जुनं इंजिन आम्ही ऑइल भरून, ताडपत्रीत गुंडाळून गोठ्यात ठेवलंय. चेसिसला एक ओरखडा नाही, एक वेल्ड नाही. अर्ज नामंजूर झाला तर बोल्ट खोलायचे, प्लेट काढायची, जुन्या इंजिनचं बोअरिंग करून परत बसवायचं. गाडी जशी होती तशी.

मी रोज ऑफिसमध्ये रोलबॅक, रोलबॅक करतो. बदल असा कर की मागे फिरता आलं पाहिजे. आणि माझ्या स्वतःच्या गाडीत मी ते विसरलो होतो. एका सवारी गाडीच्या ड्रायव्हरने, दहावी नापास, मला ते कामाला लावलं. मी त्यांना विचारलं, बाबा तुम्हाला आधीच माहीत होतं का हे कायद्याचं? म्हणाले, "कायदा नाही माहीत. पण पोट्टा पुण्याचा आहे, चुकला तर वापस करता आलं पायजे."

तर मंडळी, करायचंच असेल तर आधी कागद, मग ब्रेक, मग इंजिन. परतीचा पाइप सरळ खाली. गरम टर्बो एकदम बंद करू नका, एक मिनिट सावकाश चालू द्या. आणि जे कराल ते परत खोलता येईल असं करा.

काल संध्याकाळी बाबा बांधावरून गाडी आणत होते. दुसऱ्या गिअरमध्ये, रेस न करता, टुकटुक. घरापाशी आले, एक मिनिट थांबले, मग बंद केली. ते एक मिनिट थांबणं कुणी सांगितलं त्यांना? मी. म्हणजे एक गोष्ट तरी मी शिकवली.

आरटीओचं उत्तर आलं की सांगतो, जे काय असेल ते. पुढच्या भागात भेटू. काळजी घ्या, बाय!